वहिनींचा पडदा

पुस्तकं वाचणारी माणसं पुष्कळ असतात, पण सगळी पुस्तकं शेवटापासून वाचणारा माणूस त्या छापखान्याला एकच मिळाला होता. मुद्रितं तपासण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या या गृहस्थांना छापखान्यात सगळे उलटेराव म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. पान हाती आलं की ते तळाची ओळ आधी वाचत, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, असे जिना चढल्यासारखे पानाच्या डोक्यापर्यंत जात. ओळ मात्र डावीकडूनच वाचत, एवढी शुद्ध त्यांनी राखली होती. त्यांचं म्हणणं असं, की वरून खाली वाचलं की मजकूर माणसाला बोटाला धरून नेतो, आणि बोटाला धरलेला माणूस रस्त्यातले खड्डे बघत नाही. उलटं चढायला लागलं की प्रत्येक ओळ परकी, आणि परक्याकडे माणूस निरखून बघतो.

या रीतीने त्यांनी अडीच हजार पुस्तकं तपासली. जास्त वाटत असतील तर दोन हजार धरा. त्यातल्या एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता येत नसे. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींत लोक आधी संसार करत, मग लग्न करत आणि सर्वांत शेवटी एकमेकांना नाव विचारत. खुनी पहिल्याच पानावर बेड्या घालून उभा असे, आणि मेलेला माणूस शेवटी ठणठणीत होऊन चहा पीत बसे. बायको म्हणायची, तुमच्याच गोष्टी बऱ्या, सगळ्यांचा शेवट गोड.

साठी उलटली तसे त्यांचे डोळे दमले. आंधळे नाही झाले, नुसते दमले. एकच ओळ समोर ठेवली तर तिच्यावर बसलेल्या मुंगीचे पाय मोजतील. पण पानभर ओळी आल्या की वरची खालचीत उतरायची, खालची तिसरीत शिरायची आणि सगळा बाजार व्हायचा. अक्षर मोठं करून भागेना, कारण अक्षर मोठं केलं की आपण पानात आहोत कुठे तेच हरवायचं. तेव्हा धावून आल्या त्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. या बाई पाणीपुरवठा खात्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. शहरातला कुठला पंप कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा ते त्यांच्या प्रोग्रॅमवर ठरे, आणि वहिनी रागावल्या की वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही, अशी नातेवाइकांत वदंता होती. त्यांनी भाऊजींचं गाऱ्हाणं ऐकलं आणि महिन्याभराने एक चीज घेऊन आल्या. उलटेराव ज्या साध्या एडिटरमध्ये मजकूर उघडत, त्याला जोडायचं ते एक ॲड-ऑन होतं. नाव पडदा. पडदा चालू केला की सगळं पान काळं व्हायचं आणि तळाची एकच ओळ उजेडात राहायची, ठसठशीत. कळ दाबली की ती विझायची आणि वरची उजळायची. जगात इतर कोणालाही ज्याचा काडीइतका उपयोग नाही असं ते यंत्र त्यांनी एका माणसासाठी बनवलं, स्वतः बसून जोडून दिलं, आणि एक पेन ड्राइव्ह चष्म्याच्या रिकाम्या घरात ठेवून बजावलं, की हा जपा, मी काही जन्माला पुरणार नाही.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पडदा चालत राहिला. आणि मागच्या आठवड्यात तो जुना संगणकच एक शिंक देऊन कायमचा गप्प झाला.

नवा संगणक आला, नवा एडिटर आला, पडदा कुठून येणार? चष्म्याच्या घरातल्या पेन ड्राइव्हवर तयार पडदा नव्हताच. होता तो सोर्स कोड. म्हणजे शिवलेला सदरा नव्हे, तर कापड, मापं आणि शिवायचं कसं याची चिठ्ठी. त्या चिठ्ठीच्या फाइलला वहिनींनी नाव दिलं होतं, ‘आधी हे वाचा’.

एरवी उलटेरावांनी दोन आठवडे दम धरला असता. पण छापखान्याने औषधांच्या मात्रांची चाळीस पानी पुस्तिका पाठवली होती, आणि ती सोमवारी सकाळी दहाच्या आत तपासून परत हवी होती. व्यवस्थापक फोनवर फार गोड बोलला होता. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा म्हणाला, तपासायला आता प्रोग्रॅमही मिळतात, तुम्ही तरी किती दिवस ओढणार. तो रागावला असता तर उलटेराव भांडले असते. गोड बोलल्यावर काय करणार? त्यांना एवढंच कळलं, की ही चाळीस पानं वेळेत गेली नाहीत तर एकेचाळिसावं पान या घरात येणार नाही.

लेकीने रविवारी सकाळी नवऱ्याला पाठवलं. यांना संगणकातलं सगळं कळतं, ती म्हणाली. नवऱ्याबद्दल असं सगळ्याच लेकी म्हणतात. जावईबापू होते लिफ्टच्या कंपनीत मुख्य तपासनीस. चांगला माणूस, कष्टाळू, एक वाईट शब्द तोंडात नाही. त्यांनी आल्या आल्या खुर्ची ओढली, चिठ्ठी मोठ्या टायपात दोन कागदांवर छापून घेतली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “बाबा, तुम्ही निवांत पडा. तासाभराचं काम.”

आता लिफ्टवाल्यांची एक शिस्त असते. लिफ्टचं यंत्र असतं इमारतीच्या डोक्यावर, तेव्हा तपासणी नेहमी वरून सुरू करायची, एकेक मजला उतरत, प्रत्येक बाबीपुढे बरोबरची खूण करत तळाला यायचं. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाने दुसरं काय करावं? जावईबापूंनी कागदाच्या डोक्यापासून सुरुवात केली. मधेमधे वहिनींनी लिहिलेलं बोलणं होतं, ते त्यांनी सोडून दिलं. लिफ्टमध्ये लावलेली सूचनांची पाटी कोण वाचतं? त्यांनी संगणकाला द्यायच्या कमांड तेवढ्या उचलल्या.

पहिली कमांड होती पसारा आवरायची, म्हणजे काम झाल्यावर उरलेल्या फाइली पुसायची. पसारा अजून पडलाच नव्हता, तरी त्यांनी तो आवरला आणि खूण केली. दुसरी, एडिटरच्या सेटिंगमध्ये पडद्याची नोंद करायची. ती केली. तिसरी, तयार झालेली फाइल एडिटरच्या घरात नेऊन ठेवायची. संगणक म्हणाला, अशी फाइल नाही. जावईबापू म्हणाले, पुढे बघू. चौथी, कोडपासून फाइल तयार करायची, ज्याला ते लोक बिल्ड म्हणतात. संगणक म्हणाला, त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचा साठा, नाही. पाचवी होती तीच लायब्ररी आणून बसवायची. ती उतरवून घ्यायला पाऊण तास लागला. मग तळाला पोचून त्यांनी शेवटची खूण केली, हात झटकले आणि एडिटर उघडला.

एडिटरने लाल अक्षरांत सांगितलं, की पडदा सापडत नाही.

उलटेराव बाजूच्या स्टुलावर बसले होते. त्यांना पडदा नाही म्हणून काही दिसत नव्हतं, आणि जावई आहे म्हणून काही विचारता येत नव्हतं. मुलगा असता तर दोन शब्द सुनावले असते. जावयाला सुनवायचं तर आधी चहा विचारावा लागतो, आणि चहा विचारला की सुनवायचं राहून जातं. असे तीन चहा झाले.

जावईबापू पुन्हा डोक्यापासून निघाले. या फेरीला लायब्ररी जागेवर होती, म्हणून बिल्ड झालं. धडाधड ओळी पळाल्या, फाइल तयार झाली, जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. पण फाइल नेऊन ठेवायची पायरी मघाशीच वरच्या मजल्यावर मागे राहिली होती. एडिटर उघडला. पडदा सापडत नाही, असं त्याने आता दोनदा सांगितलं, कारण नोंद दोनदा झाली होती. तेव्हा तिसरी फेरी. तिच्या पहिल्याच पायरीला पसारा आवरण्यात ती मघाची तयार फाइल पुसली गेली. मग चौथी फेरी. जावईबापू एका फेरीच्या शेवटी बांधत आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला पाडत, आणि एडिटरची तक्रार एकेकीने वाढत जाई. पाचव्या फेरीनंतर तो एकाखाली एक पाचदा म्हणाला, पडदा सापडत नाही. शेजारणीने एवढ्या वेळा सांगितलं असतं तर दार लावून घेतलं असतं.

दुपारचे दोन वाजले. जावईबापूंच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली. उलटेराव एकदा उठून भिंतीला टेकले, एकदा गॅलरीत जाऊन आले, परत येऊन स्टुलावर बसले. त्यांनी सकाळपासून काहीही केलं नव्हतं आणि त्यानेच ते मेटाकुटीला आले होते. काम करून आलेला थकवा झोपेने जातो. वाट पाहून आलेला हाडांत मुरतो. त्यांच्या मनात आलं, फोन करावा आणि सांगावं व्यवस्थापकाला, की तुमचं बरोबर आहे. मग खिडकीजवळ पडून राहावं आणि कोणाच्या चुका वेचू नयेत.

तेवढ्यात जावईबापू पेन टेबलावर टाकून म्हणाले, “बाबा, राग मानू नका, पण मोठ्या काकूंनी अर्धंच देऊन ठेवलंय बहुतेक.”

उलटेरावांना ते पटलं नाही. वहिनींनी आयुष्यात कोणाला काही अर्धं दिलं नव्हतं. विणलेला स्वेटर दिला तर वर उसवल्यास लागेल म्हणून लोकरीचा गुंडा द्यायच्या. रागावल्या तरी पुरतं रागवायच्या, उद्यावर ठेवत नसत.

दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचा माणूस धापा टाकत उभा. इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली होती, आत एक दंतवैद्य बाई होत्या, आणि या घरचे जावई लिफ्टवाले आहेत असं कळलं होतं. जावईबापूंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं. आपल्या विषयात कोणी अडकलं की माणसाला केवढा आनंद होतो! ते तडक गच्चीकडे धावले. वरून सुरुवात करायची असते ना.

खुर्ची रिकामी झाली. उलटेराव तिच्यात बसले, आणि सवयीने हात भिंग शोधायला लागला. टेबलावर ते दोन कागद होते, खुणा करून करून काळे पडलेले. पुस्तिका वाचता येत नाही तर निदान वहिनींचं अक्षर बघावं, म्हणजे अक्षर कसलं, टाइपच तो, पण बोलणं तर त्यांचं. त्यांनी दुसरा कागद घेतला, एक कोरा कागद वर झाकला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने भिंग थेट तळाच्या ओळीवर नेलं. तिथे लिहिलं होतं,

“बसा भाऊजी. तुम्ही इथूनच सुरू करणार, मला ठाऊक आहे.”

उलटेरावांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग झाकलेला कागद एका ओळीने वर सरकवला.

“एडिटर उघडा असेल तर आधी बंद करा. घाई नाही.”

त्यांनी बायकोला हाक मारली. ती भांडी पुसता पुसता आली. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर आले, आणि कागद एकेक ओळ वर सरकवत सांगू लागले. ती एका बोटाने कळा दाबत होती, बाकीची नऊ बोटं पदरात ठेवून.

“अहो, पण हे सगळं जावयांनी पाचदा केलंय,” ती म्हणाली.

“त्यांनी वरून केलं.”

“मग?”

“वहिनींनी ते माझ्यासाठी लिहिलंय.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती नुसतं बरं म्हणाली. पस्तीस वर्षं उलट्या माणसाबरोबर काढलेल्या बाईला यात नवल काय वाटायचं?

लायब्ररीची पायरी आली. ती आहे आधीच, संगणक म्हणाला. ते जावईबापूंचं काम, वाया गेलं नव्हतं. मग बिल्डची. तिच्या वरती वहिनींनी लिहिलं होतं, की आता समोरून पुष्कळ ओळी धावतील, त्या वाचू नका. त्यात चुका आहेत, पण तुमच्याकडे तपासायला आलेल्या नाहीत. ओळी खरोखर धावल्या. उलटेरावांनी मान दुसरीकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोरून इतका मजकूर न तपासता गेला, आणि ते सोपं नव्हतं. खोटं वाटेल, पण त्यांचा उजवा हात लाल पेन शोधत दोनदा टेबलावर फिरून आला.

फाइल तयार झाली. वरची पायरी, ती एडिटरच्या घरात नेऊन ठेवायची. ठेवली, या वेळी संगणकाने हूं की चूं केलं नाही. तिच्या वरची, सेटिंगमध्ये नोंद. पाच होत्या, सहावी झाली. तिच्या वरची, पसारा आवरायची. बायकोने तो अगदी मनापासून आवरला. सकाळपासून तिला तेच करायचं होतं. आणि मग पहिल्या कागदाची सर्वांत वरची ओळ तेवढी उरली, जिच्यावर जावईबापूंनी पाच वेळा काही न वाचता पेन टेकवलं होतं.

उलटेरावांनी भिंग जवळ घेतलं. ती ओळ लांब होती.

“आता एडिटर उघडा. पडदा आला नाही तर भाऊजी, खुशाल पडून राहा. लोकांच्या चुका खूप वेचल्यात, थोड्या लोकांना राहू द्या, कोणी नावं ठेवली तर मी सांगितलं म्हणून सांगा. पडदा आला, तर मात्र सुटका नाही.”

खाली जिन्यात जावईबापू कोणाला तरी दोर सैल सोडायला सांगत होते.

“उघडू?” बायकोने विचारलं.

उलटेराव थांबले. खरं सांगायचं तर दिवसभरात असं थांबण्याजोगं काही त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. एका बाजूला ती चाळीस पानं. दुसऱ्या बाजूला, वर गेलेल्या माणसाने सही करून दिलेली रजेची चिठ्ठी. रजा अशी समोर आली की माणसाला तो किती दमला आहे ते कळतं. त्यांचे खांदे दुखत होते, डोळे दुखत होते, आणि खिडकीजवळच्या पलंगावर ऊन असं पडलं होतं की जणू कोणी चादरच अंथरून ठेवली होती. पण पडदा आला नाही तरच रजा होती. आणि पडदा येणार हे त्यांना ठाऊक होतं. वहिनी अर्धं देत नसत.

“उघड,” ते म्हणाले.

एडिटर उघडला. आपल्याकडे पडदा आहे, असं त्याने सहा वेळा सांगितलं. बायको म्हणाली, एकदा सांगितलं तरी ऐकू येतं आम्हाला. मग तिने पुस्तिकेची फाइल उघडली, सगळा चौकोन काळा झाला, आणि चाळिसाव्या पानाच्या तळाशी एकच ओळ उजेडात उभी राहिली, ठसठशीत, मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा अशी.

उलटेरावांनी एक लांब उसासा सोडला. तो सुटकेचा नव्हता.

जावईबापू साडेतीनला परत आले, हात ग्रीसने काळे, चेहरा उजळलेला. दंतवैद्य बाई सुखरूप होत्या आणि त्यांनी जावईबापूंचा एक दात फुकट तपासून दिला होता म्हणे. दारातूनच त्यांना काळा पडदा आणि त्यातली उजळ ओळ दिसली, आणि ते जागीच थांबले. उलटेरावांच्या बायकोने तोंड उघडलं होतं, पण उलटेरावांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“तुमची लायब्ररी कामाला आली हो, जावईबापू,” ते म्हणाले. “ती नसती तर काही झालं नसतं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जावईबापूंनी हात धुतले, चहा घेतला, आणि संध्याकाळी घरी जाताना लिफ्टमधून उतरेपर्यंत तीन शेजाऱ्यांना सांगितलं, की अवघड काम होतं, पण निघालं. पुढे ते सगळ्या सोयऱ्यांत असं सांगू लागले, की सोर्स कोड बसवायचा तर पाच फेऱ्या कमीत कमी लागतात. काही लोक अजून मोजून पाच करतात.

उलटेरावांनी ते दोन कागद घडी करून पेन ड्राइव्हसोबत चष्म्याच्या घरात ठेवले. मग खुर्ची पुढे ओढली. मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा, बरोबर. कळ दाबली. तिच्या वरची ओळ, बरोबर. तिच्या वरच्या ओळीत दिवसातून दोन चमच्यांच्या जागी बारा पडले होते. सरळ वाचणाऱ्याने ते सहज गिळले असते. त्यांनी नोंद केली आणि कळ दाबली.

पलंगावरचं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. बायकोने विचारलं, थोडं पडता का. तेहतीस पानं उरलीत, ते म्हणाले, आणि वरच्या ओळीवर गेले.